दख्खनचे हबशी, जंजिऱ्याचे सिद्दी आणि नाशिकची आफ्रिकी मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुलताबादला ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन गेलो की औरंगजेबाच्या कबरीपाशी गर्दी होते आणि निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याच्या घुमटापाशी आम्हीच चार-पाच जण उरतो. मग तिथल्या ओट्यावर बसून प्रश्न सुरू होतात, आणि ते दरवेळी साधारण तेच असतात. म्हणून एकदाच सगळे लिहून काढले. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे हात आखडला नाही.

हबशी, सिद्दी, खाप्री: ही एकच माणसं की वेगवेगळी?

माणसं बहुतेक वेळा तीच, हाक मारणारे वेगळे. इथियोपियाच्या डोंगराळ मुलखाला अरबीत 'हबश' म्हणत, तिथला तो हबशी. पुढे दख्खनमध्ये आफ्रिकेच्या कुठल्याही भागातून आलेल्या माणसाला सरसकट हबशी म्हणू लागले. 'सिद्दी' हा त्यामानाने मानाचा शब्द. अरबी 'सय्यिदी', म्हणजे 'माझे स्वामी', याच्याशी त्याचं नातं लावतात. पोर्तुगिजांनी अरबांकडून 'काफर' उचलला आणि गोव्यात त्याचा 'खाप्री' झाला. आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यातल्या मुलखाला मराठी कागदपत्रांत चक्क 'हबसाण' म्हटलेलं आहे. म्हणजे रायगड जिल्ह्याचा एक तुकडा कधीकाळी मराठीतच इथियोपियाच्या नावानं ओळखला जायचा!

ते इथे आले कसे? सगळे गुलाम म्हणूनच का?

सगळे नाही, पण पुष्कळ जण. तांबड्या समुद्राच्या आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं विकली जात, अरबस्तानातल्या बाजारांतून फिरत आणि गुजरात-कोकणच्या बंदरांत उतरत. या व्यापाराचं दुसरं टोक आपल्याकडेच होतं, हे आपण सोयीस्कर विसरतो. इकडचं सुती कापड तिकडे जायचं, तिकडून सोनं, हस्तिदंत आणि माणसं यायची.

गुलाम नसलेलेही होते: खलाशी, शिपाई, व्यापारी. चौदाव्या शतकात इब्न बतूता इकडे आला तेव्हा जहाजांवर हबशी पहारेकरी असत. ते असले की चाचे जहाजाच्या वाटेला जात नाहीत, असं त्याने नोंदवून ठेवलंय. दिल्लीत रझिया सुलतानच्या दरबारात याकूत नावाचा हबशी अमीर होता. बंगालच्या तख्तावर तर १४८७ पासून सहा-सात वर्षं हबशी सुलतानच बसले.

गुलाम होते, तर सरदार आणि वजीर कसे झाले?

हा प्रश्न नेहमी अमेरिकेतल्या मळ्यांचं चित्र डोळ्यापुढे ठेवून विचारला जातो. तिथे गुलामाला कापसात आणि उसात राबवलं, आणि त्याच्या पोटी जन्मलेलं मूलही मालकाचीच मालमत्ता ठरलं. दख्खनच्या सुलतानांना हात हवे होते ते तलवार धरायला. गावात भाऊबंद नाहीत, वतन नाही, कुणाशी सोयरीक नाही, असा माणूस धन्याशी इमान राखील हा त्यांचा हिशोब. त्याला घोडा, हत्यार आणि शिक्षण मिळायचं. धनी मेला की तो बहुधा मोकळा व्हायचा, स्वतःची पागा उभी करायचा आणि मग स्वतःच हबशी गुलाम विकत घ्यायचा.

दरबारात दोन तट होते. एकीकडे इराण-तुराणातून आलेले 'आफाकी', दुसरीकडे इथे रुजलेले 'दख्खनी'. हबशी बहुतेककरून दख्खन्यांच्या बाजूने राहिले.

यावरून 'आपल्याकडची गुलामगिरी सौम्य होती' असं म्हणायची घाई मात्र करू नका. आईबापांपासून तोडून आणलेल्या पोराला तीन बाजारांत विकणं सौम्य नसतं. शिवाय वर चढले त्यांचीच नावं आपल्यापर्यंत पोचली. घरकामाला विकल्या गेलेल्या बायकांचं एकही नाव मला कुठल्या तवारीखेत सापडलेलं नाही.

मलिक अंबर नेमका कोण?

जन्म साधारण १५४८, इथियोपियात. पहिलं नाव चापू. मोखा, मग बगदाद, असा विकला जात तो मीर कासिम नावाच्या माणसाकडे आला. त्याने पोराची हुशारी पाहून त्याला शिकवलं आणि 'अंबर' हे नाव दिलं. पुढे तो दख्खनमध्ये आला तो चंगेजखानाच्या पदरी. हा चंगेजखान मंगोल नव्हे. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा, आणि स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम. तो वारल्यावर त्याच्या विधवेने अंबराला मोकळं केलं. मग काही वर्षं विजापूर, 'मलिक' हा किताब, आणि परत अहमदनगर.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. चांदबीबी त्याआधीच मारली गेली होती. तिथे निजामशाही संपायला हवी होती. अंबराने राजघराण्यातला एक मुलगा शोधून परांड्याला गादीवर बसवला आणि पुढची सव्वीस वर्षं, मरेपर्यंत, मोगलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिलं नाही. १४ मे १६२६ रोजी तो वारला तेव्हा ऐंशीच्या घरात होता. मृत्यू नैसर्गिक. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गनिमी कावा मराठ्यांना अंबराने शिकवला, हे खरं का?

मी हे वाक्य असं म्हणणार नाही. शिकवणारा एक आणि शिकणारे बाकीचे, असं ते नव्हतंच. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने लिहिलंय की अंबराकडे दहा हजार त्याच्या स्वतःच्या जातीचे आणि चाळीस हजार दख्खनी लोक आहेत. त्या दख्खन्यांत मराठे भरपूर होते. घाटवाटा त्यांना ठाऊक, तट्टं त्यांची, रसद मारायची सवय त्यांची. अंबराने त्यांना एका मोठ्या डावात गुंफलं, हे त्याचं कर्तृत्व. मोगल या लढाईला 'बारगीरगिरी' म्हणत आणि वैतागून म्हणत.

भातवडी बघा. अहमदनगरजवळचं गाव, साल १६२४. मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजा अंबरावर एकदम चालून आल्या. त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडलं, चिखलात त्यांच्या तोफा आणि हत्ती अडकवले, दाणापाणी तोडलं, रात्री छापे घातले, आणि मग गाठून मारलं. या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी इथेच पडले. शिवाजी महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदांनी ही लढाई संस्कृतात वर्णिली आहे. भोसल्यांच्या घरच्या आठवणीत अंबर परका नव्हता, एवढं त्यावरून कळतं.

लढायांशिवाय त्याने काय केलं?

१६१० मध्ये खडकी वसवली. तीच पुढे फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. भडकल दरवाजा त्याचा, काळी मशीद त्याची. आणि नहर-ए-अंबरी: डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून आणि दगडी पाटांतून उतारावर उतरवत शहरात आणलं, मध्ये मध्ये हवा खेळायला उंच बंबे बांधले. शहरातली माणसं पाणचक्कीकडे बोट दाखवून 'ही अंबराची' म्हणतात. ती नव्हे. पाणचक्कीची नहर वेगळी, अठराव्या शतकात पुरी झालेली.

जमिनीची पाहणी करून, कस ठरवून सारा लावायची त्याची पद्धत इतकी टिकली की मराठी मुलखात ती 'मलिकंबरी' म्हणूनच ओळखली गेली. आफ्रिकेत जन्मलेल्या माणसाचं नाव आमच्या कुणब्याच्या सारापट्टीला चिकटलं. पुतळ्यापेक्षा हे मला मोठं वाटतं.

तो दिसायचा कसा?

सरळ उत्तर: उंच, धिप्पाड, करारी चेहऱ्याचा. पीटर व्हान डेन ब्रुके हा डच व्यापारी १६१७ मध्ये त्याला प्रत्यक्ष भेटला होता. त्याला अंबराचा चेहरा रोमन धाटणीचा, कठोर वाटला. दख्खनी शैलीतली काही चित्रंही अंबराची म्हणून दाखवली जातात: पांढरा झुळझुळीत जामा, कमरेला शेला, हातात लांब सरळ तलवार, पोट थोडं सुटलेलं.

पण जगभर सगळ्यात जास्त छापलं जाणारं चित्र दुसरंच आहे. अबुल हसन या मोगल चित्रकाराने ते १६१६ च्या सुमारास काढलं. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर. समोर भाल्याच्या टोकावर एक कापलेलं काळं मुंडकं, आणि जहांगीर त्याच्यावर बाण सोडतोय. मुंडक्यावर घुबड बसलंय, खाली आणखी एक मेलेलं घुबड लटकतंय. ते मुंडकं मलिक अंबराचं.

यातलं काहीही घडलेलं नाही. जहांगीर दख्खनमध्ये अंबरासमोर कधी उभाही राहिला नाही. चित्र काढलं तेव्हा अंबर जिवंत होता आणि त्यानंतर दहा वर्षं मोगलांच्या नाकी नऊ आणत होता. बादशहाला जे रणात जमलं नाही ते कागदावर करून दाखवलं, एवढाच त्या चित्राचा अर्थ. तरी अंबर म्हटलं की पुस्तकांत तेच मुंडकं येतं. चित्र सुरेख आहे यात वाद नाही. पण ते हरणाऱ्याचं स्वप्न आहे, हे खाली लिहिलेलं मी फार क्वचित पाहिलंय.

म्हणजे तेव्हाही रंगावरून हिणवत होते?

हो. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात अंबराचा उल्लेख 'काळतोंड्या', 'काळ्या नशिबाचा' अशा शिव्या घातल्याशिवाय सहसा करत नाही. व्हान डेन ब्रुकेने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. अंबराची मुलगी त्यानेच गादीवर बसवलेल्या मुर्तजा निजामशहाला दिलेली होती. सुलतानाची दुसरी, गोरी इराणी बेगम तिला भांडणात म्हणाली, तू नुसती दासी आहेस आणि तुझा बाप बंडखोर. मुलीने बापाच्या कानावर घातलं. अंबराने सुलतान आणि बेगम दोघांनाही विष घालून संपवलं आणि पाच वर्षांच्या पोराला तख्तावर बसवलं. संतमहंत नव्हताच तो.

आता दुसरी बाजू. मोगलांच्याच पदरचा इतिहासकार मुतमदखान अंबराच्या मृत्यूची नोंद करताना लिहितो की युद्धात, हुकमत चालवण्यात, समजुतीत आणि राज्यकारभारात त्याला तोड नव्हती, आणि हबशी गुलाम इतक्या उंचीला पोचल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही. शत्रू मेल्यावर लेखणी थोडी सैल सुटते.

इतर हबशांची चित्रं आहेत का?

आहेत, आणि ती पाहिली की डोळे निवतात. विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाचा वजीर इखलासखान हबशी होता. हैदर अली आणि इब्राहिमखान या दोन चित्रकारांनी १६४५ च्या सुमारास सुलतान आणि इखलासखान एकाच हत्तीवर बसलेले रंगवले. पुढे सुलतान, मागे इखलासखान, दोघेही भरजरी. इथे हबशाचा रंग लपवलेला नाही आणि त्याची टवाळीही नाही.

वास्तूंत सांगायचं तर अहमदाबादची सिदी सय्यद मशीद. १५७२-७३ मध्ये बांधली, तिच्या दगडी जाळीतलं झाड अहमदाबादच्या आयआयएमच्या बोधचिन्हात आहे. ती पोस्टकार्डावर सगळ्यांनी पाहिलेली असते, 'सिदी' कोण हे फारसं कुणी विचारत नाही.

सिद्दी तर स्वराज्याचे शत्रूच ना?

जंजिऱ्याचे, हो. पन्हाळ्याला १६६० मध्ये विजापूरतर्फे वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर, महाराजांच्या पाठलागावर गेलेला सिद्दी मसूद, ही नावं शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. पण त्याच वेढ्याच्या वेळी महाराजांच्या बाजूने वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर कोण गेलं होतं? सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा वाहवाह त्या झटापटीत जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. आणि १६५९ मध्ये अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी निवडलेल्या दहा माणसांत जिवा महाला होता, येसाजी कंक होता, तसा सिद्दी इब्राहीमही होता. जौहर आठवतो आणि हिलाल आठवत नाही, कारण नाटकात खलनायकाला काळा रंग फासणं सोपं जातं.

जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून. १६७० च्या सुमारास तिथला किल्लेदार फत्तेखान महाराजांना किल्ला द्यायला तयार झाला होता. बाकीच्या सिद्द्यांनी त्यालाच कैद केलं आणि मोगलांशी हातमिळवणी केली. महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजीराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगड टाकून सेतू घालायला घेतला, तरी किल्ला पडला नाही. दर्यात तळ ठोकून बसलेल्या, आरमारात मुरलेल्या माणसांशी गाठ होती. पुढे १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सात नावाच्या सरदाराला मारून त्यांचा जोर मोडला, पण संस्थान टिकलं ते थेट १९४८ पर्यंत. मुरूडला जाल तर किल्ला बघून लगेच होडीतून परत फिरू नका, खोकरीचे घुमट बघा. जंजिऱ्याचे सिद्दी तिथे निजले आहेत.

गोव्यात?

गोव्यात गोष्ट जास्त कडू आहे. पोर्तुगीज मोझांबिककडून माणसं आणत आणि जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावरच्या लिलावात, घोडे आणि गालिच्यांच्या शेजारी, विकत. १५८० च्या दशकात तिथे राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने ते वर्णन करून ठेवलंय. त्यातले काही पळून घाटावर, आजच्या उत्तर कन्नडच्या रानात शिरले.

नाशिकला आफ्रिकी मुलांची शाळा होती म्हणतात. खरंच?

खरंच, आणि मला विचाराल तर या सगळ्यातली सर्वांत विसरलेली गोष्ट हीच. नाशिककर रोज 'शरणपूर रोड' म्हणतात. ते शरणपूर म्हणजे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. इंग्रजांचं आरमार हिंदी महासागरात गुलामांची जहाजं पकडायचं आणि सोडवलेल्या मुलांना मुंबईत उतरवायचं. त्यांतली बरीच शरणपूरच्या आफ्रिकी आश्रमात आली. तिथे लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. इंग्रजी कागदांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हटलंय.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा, गुलामांच्या जहाजावरून सुटलेला, नाशिकला शिकलेला. प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला तेव्हा जेकब जवळ होता. सोबत्यांनी लिव्हिंगस्टनचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या सालीवर नाव कोरलं. मग त्या माणसांनी वाळवलेलं शव कापडात आणि सालीत गुंडाळून कित्येक महिने पायी चालत समुद्रकाठी बागामोयोला आणलं. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता. त्याने रोजनिशीही लिहिली. शाळेच्या पुस्तकात लिव्हिंगस्टन असतो. नाशिकचा जेकब नसतो.

१८७० च्या दशकात नाशिकची बरीच मंडळी मोंबासाजवळच्या फ्रियर टाउन या वस्तीत परत गेली. हे नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा आणि महाराष्ट्राचा काही संबंध?

जेकब झाडावर नाव कोरत होता त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी स्वार्थत्याग केला. 

१९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं कळलं होतं, त्याच्या दोन-तीन प्रती मागवल्या. अस्पृश्यांची आणि त्यांची परिस्थिती इतकी सारखी आहे की हा अभ्यास आवश्यकच आहे, असं त्यांनी त्यात म्हटलं. जुलैअखेर दु बॉइस यांनी उत्तर लिहिलं. आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांनी संघटना काढली, तिचं नाव कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथरवरून 'दलित पँथर'.

'निग्रो' म्हटलं तर चालतं का? 'हबशी'?

'निग्रो' जुन्या पुस्तकांत राहू द्या, तोंडात नको. 'हबशी' ऐतिहासिक संदर्भात ठीक, पण समोरच्या माणसाला हाक म्हणून शिवीच. आजची मंडळी स्वतःला सिद्दी म्हणतात, तेच म्हणावं. आणि लग्नाच्या बैठकीत 'मुलगी जरा हबशासारखी' म्हणणारी आत्या आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. तिला हे उत्तर वाचून दाखवा.

आज सिद्दी कुठे आहेत? मराठी बोलतात का?

गुजरातेत गीरच्या कडेला जांबूर आणि आसपास, हैदराबादेत निजामाच्या आफ्रिकी घोडदळाच्या वंशजांची वस्ती आणि उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड. तिथे हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे सिद्दी आहेत. घरात कोकणी, बाहेर कानडी, आणि हल्याळकडे मराठीही कानावर पडते. कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. शांताराम बुडना सिद्दी २०२० मध्ये तिथल्या विधान परिषदेवर गेले, या समाजातले पहिले. जांबूरच्या हिराबाई लोबींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

गुजरातच्या सिद्द्यांच्या नाचाला 'गोमा' म्हणतात. स्वाहिली भाषेत 'न्गोमा' म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही. भाषा गेली, शब्द पायांत राहिला.

त्यांची म्हणून एखादी गोष्ट विकत घ्यायची असेल तर?

कवंदी घ्या. उत्तर कन्नडच्या सिद्दी बायका शिवतात ती गोधडी. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे. आपल्या वाकळेसारखीच, पण शिवण काठापासून सुरू होते आणि गोल गोल फिरत मध्यापाशी संपते. नकाशा काढलेला नसतो, हाताला येईल तो तुकडा लागतो. शेवटी चारही कोपऱ्यांत घडी घातलेल्या चिंधीचे छोटे त्रिकोण टाचतात, त्यांना 'फुलं' म्हणतात. विकत घेताना आधी कोपरे बघा. फुलं नसतील तर ती कवंदी अजून उघडी आहे, असं शिवणाऱ्या बाया म्हणतात.